इंजिनाला बेगड

योगीराजचं इंजिन खोक्यातून निघालं तेव्हा शिवकन्या शेणाची पाटी डोक्यावर घेऊन दोन्ही घरांच्या मधल्या अंगणात उभी होती. पाटी खाली ठेवायचं तिच्या लक्षात राहिलं नाही.

योगीराज तिचा धाकटा दीर. पुण्यातली कंपनी बंद पडल्यावर गेल्या दिवाळीला बायकोसह वस्तीवर परत आला होता. सायकलला बसवायचं इंजिन त्यानं मोबाइलवर बघून मागवलं होतं. थर्माकोल बाजूला करत तो एकेक भाग बाहेर काढत होता आणि त्याची बायको वर्षाराणी तो पोत्यावर मांडत होती. सिलिंडरवरचं झाकण इतकं लखलखीत की त्यात वरचं आभाळ आणि लिंबाची फांदी दिसत होती. धुराची नळी निकेलची. पेट्रोलची टाकी लाल, तिच्यावर पांढरी रेघ.

"वहिनी, हात लावून बघा की," योगीराज म्हणाला.

"शेणाचा हाय हात."

"मग लांबूनच बघा."

जमलेले लोक हसले. शिवकन्याही हसली. उकिरड्यावर पाटी उलटी करताना मात्र तिनं ती इतक्या जोरात आपटली की काठाची एक काडी मोडली.

शिवकन्येकडे इंजिनाची सायकल दोन वर्षांपासून होती. नवरा उत्तरेश्वर उसाच्या ट्रॉलीवरून पडला आणि त्याचा मणका दुखावला. तेव्हापासून त्याला दूध काढता येई, वैरण टाकता येई, पण ओझं उचलता येत नसे की सायकल मारता येत नसे. घाटावरच्या फाट्याला बाबूरावांची खवाभट्टी होती. चार म्हशींचं दूध तिथं रोज पोचवायचं तर शिवकन्येला सायकल ढकलत चढावं लागे. मग तालुक्याच्या गावच्या, वाशीच्या शांतलिंग आप्पांनी, जे फवारणीचे पंप दुरुस्त करत, तिला पेट्रोलवर चालणाऱ्या एका मोडक्या फवारणी-पंपाचं इंजिन सायकलला बसवून दिलं.

दिसायला ते काहीच नव्हतं. दोन पट्ट्यांमध्ये आवळलेला काळा गोळा, रबरी ट्यूबचे तुकडे, टाकीच्या जागी औषधाचा पांढरा डबा. मागच्या चाकाला आप्पांनी मळणी यंत्राच्या भंगारातलं एक भलंमोठं दातेरी चक्र बसवलं होतं.

"मागचं चक्र मोठं म्हणून ही पळणार न्हाय," आप्पा म्हणाले होते. "पण वढंल. दोन क्यान घिऊन घाट चढंल. फकस्त एक ध्यानात ठेवा. हे इंजिन पाण्यानं गार होत न्हाय, वाऱ्यानं होतं. ह्या पात्या बघितल्या? ह्यांच्या मधनं वारा गेला पायजे. चिखल, गवत, काय अडकू द्यायचं न्हाय. एकांद्या दिशी तोंड धुवायचं इसरलात तर चालंल."

शिवकन्या रोज पहाटे लिंबाची काडी मोडे. एका टोकानं दात घासे आणि दुसऱ्या टोकानं पात्या साफ करी. वरून खाली, एकेक करून, नऊ पात्या. आवाजावरून तिला कळे की तेल कमी पडलंय की प्लग काळा झालाय. वस्तीवरचे लोक त्या सायकलला दमेकरी म्हणत. "आली दमेकरी," असं कुणी म्हणालं की तिला वाईट वाटत नसे. दोन वर्षं वाटलं नव्हतं.

योगीराजची गाडी तयार झाली आणि वाटू लागलं.

सपाट रस्त्यावर तो तिला रोज मागे टाकी. ओढ्याच्या पुलाजवळ मागून तो गोड, भरीव आवाज येई, मग लाल टाकी शेजारून निघून जाई. "या सावकाश, वहिनी!" शिवकन्या पुढच्या डब्यातल्या पेट्रोलकडे बघत राही.

भट्टीवर बाबूराव आण्णा खुर्ची टाकून बसलेले असत. साठीचा माणूस, नजर सगळीकडे. प्रत्येकाच्या दुधातलं एक लिटर वेगळं आटवून ते खव्याचा उतारा बघत. वरून दाट दिसणाऱ्या दुधाला ते फसत नसत. पण योगीराजची गाडी पहिल्यांदा फाट्यावर आली तेव्हा ते खुर्चीतून उठले. झाकणावरून बोट फिरवलं. बोट पुसायची गरज पडली नाही.

"लई झ्याक. हितं लावा, पुढं. बोर्डाखाली."

शिवकन्या आधीच येऊन क्यान उतरवत होती. तिच्या इंजिनातून तेलाचा एक थेंब झाडलेल्या फरशीवर पडला.

"बाई, तुमचं ते मागं घ्या की. लाकडाच्या ढिगापाशी. खव्याला वास लागंल."

तिनं सायकल मागे घेतली. दुसऱ्या दिवशी कुणी सांगायच्या आधीच ती मागे घेऊन गेली, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

श्रावणाच्या झडीत घाटाचा कच्चा रस्ता चिकट झाला. घाटाला तीन वळणं. दुसरं सगळ्यात उभं. एका सकाळी तिथं योगीराज गाडी स्टँडला लावून उभा होता. कानाला मोबाइल.

"काय झालं, भाऊजी?"

"काय न्हाय. रेंज हितंच येती, वहिनी. तुमी व्हा पुढं."

शिवकन्येची दमेकरी खोकत, थरथरत, एका लयीत त्याच्या शेजारून वर गेली. परत येताना तिनं त्या जागी सायकल थांबवली. चिखलात चाकाची रेघ होती. रेघेच्या बाजूला पावलं. रेघेच्या मागेही पावलं, तिथं बोटांनी माती खोल उकरलेली, जोर लावल्यावर उकरली जाते तशी. पावलं वळणाच्या माथ्यापर्यंत होती. पुढं सपाटी लागल्यावर फक्त चाकाची रेघ.

म्हणजे चढत नाही. ढकलावं लागतं. कधी बाजूनं, कधी मागून. मागचं चक्र लहान, पळण्यासाठी केलेलं. दोन क्यान घेऊन हा चढ त्याच्यानं होत नाही.

तिला वाटलं होतं की हे कळल्यावर बरं वाटेल. घरी जाऊन तिनं उत्तरेश्वरला सांगितलं. तो म्हशीच्या खुराकाची पेंड भिजवत होता.

"मग झालं की," तो म्हणाला. "तुजी चढती, त्याची चढत न्हाय. आता काय पायजे तुला?"

शिवकन्येनं समोर पाहिलं. समोरच्या ओट्यावर वर्षाराणी कापूस तेलात बुडवून निकेलची नळी पुसत होती. सासूबाई मथुराबाई शेजारी बसून कौतुकानं बघत होत्या. दमेकरीजवळ त्या कधी बसल्या नव्हत्या.

पोळ्याच्या आठ दिवस आधी आण्णांनी दोघांना थांबवून घेतलं. नवरात्र जवळ येत होतं, पेढेवाल्यांची मागणी वाढणार होती. वस्तीवरच्या चौदा घरांचं सगळं दूध त्यांना हवं होतं.

"पर आणणारा एकच पायजे. दोघंजण दोन येळेला आलाव तर माजी कढई दोनदा अडती. सात वाजता पयली कढई चढती. पोळ्याच्या दुसऱ्या दिशी, करीला, निम्मं निम्मं दूध दोघांनी आणा. जो कढई चढायच्या आत आधी यील त्याला वरीसभर काम."

शिवकन्येनं तिथंच मनात हिशेब केला. हे काम मिळालं तर दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायला नको. नाहीतर उत्तरेश्वरच्या जागी माहेरच्या भावाला जोडीला घेऊन तिला कोयता धरावा लागणार होता. मग नववीतली लेक अक्षरा शाळा सोडून चार म्हशींच्या मागे लागणार. पण त्या सकाळी तिला भीती नव्हती. दुसरं वळण तिच्या बाजूला होतं. काम मिळणारच होतं.

फक्त मिळाल्यावर आण्णा म्हणणार होते, ते मागं लावा, लाकडापाशी.

मंगळवारच्या वाशीच्या बाजारात बैलांच्या साजाची दुकानं लागली होती. झुली, गोंडे, घुंगरमाळा. शिवकन्येनं लाल वार्निसची एक डबी आणि सोनेरी बेगडाची दोन पाकिटं घेतली. घरी उत्तरेश्वरनं पिशवीत डोकावलं.

"कुणाच्या शिंगाला?"

"आपल्या."

"आपल्याला शिंगं कुठं राहिलीत?" तो हसला. बैल त्यांनी त्याच्या दुखण्यात विकले होते. पण हसताना त्याची नजर कोपऱ्यातल्या दमेकरीकडं गेली आणि हसू थांबलं.

वस्तीवर आता तीनच बैलजोड्या होत्या. बैल नसलेली घरं ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल धुऊन मिरवणुकीला आणत. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीच्या संध्याकाळी योगीराजनं सायकलच्या हँडलला हळद-लोणी चोळलं आणि तिच्यापुढं वाकून म्हणाला, "आज आवतान घ्या, उद्या जेवायला या!" सगळी वस्ती पोट धरून हसली. मथुराबाईंनी स्वतः हँडलला कुंकू लावलं.

पोळ्याच्या दुपारी शिवकन्येनं दमेकरी गोठ्यामागं नेली. रॉकेलनं पुसली. डब्याची टाकी लाल केली, पट्ट्या लाल केल्या. इंजिन राहिलं. ते मधेच काळं दिसू लागलं, आधीपेक्षा जास्त काळं. तिनं ब्रश पात्यांवरून फिरवला. एक हात पुरला नाही, खाली तेल होतं, रंग धरेना. दुसरा दिला, तिसरा दिला. वार्निस पात्यांच्या मधे उतरून साचलं. ओलं असतानाच तिनं बेगडाच्या पट्ट्या कापून चिकटवल्या, एका पातीच्या कडेवरून दुसऱ्या पातीच्या कडेवर, जशा शिंगावर गुंडाळतात. चहूबाजूंनी. इंजिन सोन्याचं झालं.

उत्तरेश्वर कमरेवर हात ठेवून मागे येऊन उभा राहिला.

"पात्या बुजल्या गं."

"उद्या काढीन सकाळी."

"रंग बी?"

"म्हनलं न्हवं काढीन!"

तोरणाखालून आधी बैल गेले, मग ट्रॅक्टर, मग योगीराज. आणि त्याच्यामागं शिवकन्या, पैठणीची घडी मोडून, दमेकरीचं हँडल धरून. इंजिन बंद होतं. उन्हात बेगड असं चमकलं की मारुतीच्या पारावरची माणसं उठून उभी राहिली.

"आरं, दमेकरी सोन्याची झाली!"

"मथुराबाई, थोरलीनं धाकट्याला खाल्लं बघा!"

मथुराबाईंनी ओवाळलं. पुरणपोळीचा घास टाकीवर ठेवला. शिवकन्येनं त्यांच्याकडं पाहिलंच नाही. ती वर्षाराणीकडं पाहत होती. वर्षाराणीचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि नजर बेगडावर खिळलेली होती. ही नजर शिवकन्येला ओळखीची होती. दोन महिने ती स्वतः तशी बघत होती. तिला एकदम हलकं वाटलं. त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली.

करीच्या पहाटे तिनं लिंबाची काडी मोडली आणि दमेकरीपुढं बसली. काडी बेगडाला टेकवली.

"काय करायलीस?" ओट्यावरून मथुराबाई ओरडल्या. "पूजा केलेलं हाय ते. करीला साज खरडत्यात व्हय? आपल्या आपण गळंल."

"आत्या, पात्या मोकळ्या कराव्या लागत्यात."

"बैलाला तर करीला जुपत बी न्हाईत. तू जुपायलीस ते जुप. पर साज काढू नको, शिवकन्ये. येवढं ऐक."

शिवकन्येनं काडी खाली घेतली. पुढं कितीतरी दिवस तिनं स्वतःला सांगितलं की सासूनं अडवलं. पण काडी खाली घेताना तिच्या डोळ्यापुढं सासू नव्हती. आण्णा होते, खुर्चीतून उठणारे, बोट पुढं करणारे. एकच खेप. नऊ किलोमीटर. एका खेपेनं काय होतंय.

योगीराज अंधार असतानाच निघून गेला होता. कालची पैठणीच नेसून तिनं दोन्हीकडं मोठे क्यान बांधले, दोरी ओढली. दमेकरी सुरू झाली.

सपाटीवर काही झालं नाही. ओढा ओलांडला. पहिलं वळण चढताना वास आला. वार्निसचा, गोडसर. बेगडाच्या कडा वळू लागल्या. आवाज नेहमीचा नव्हता, बारीक आणि कोरडा होता. तो कशाचा आवाज आहे हे तिला माहीत होतं. थांबून अर्धा तास गार होऊ दिलं असतं तर चाललं असतं. पण अर्धा तास नव्हता. तिनं मूठ पिळलेलीच ठेवली.

दुसऱ्या वळणाच्या पायथ्याला दातावर दात घासावेत तसा एक आवाज आला आणि इंजिन थांबलं. सायकल मागे घसरली. एक क्यान बांधातल्या दगडावर आपटला, त्याला पोचा पडला, झाकणातून दूध तिच्या पैठणीच्या काठावर सांडलं. तिनं चाकाखाली दगड लावला आणि दोरी ओढली. दोरी हलली नाही. पुन्हा ओढली. जमिनीत पुरलेली साखळी ओढावी तशी.

तिनं सायकल ढकलायला सुरुवात केली. छातीनं, खांद्यानं, कपाळ क्यानला टेकवून. दर वीस पावलांवर दगड लावून थांबायचं. कितीदा थांबली ते मोजलं नाही.

फाट्यावर पोचली तेव्हा पहिल्या कढईतलं दूध उकळून खाली बसलं होतं आणि उलथणं फिरत होतं. बोर्डाखाली लाल टाकीची गाडी उभी होती. योगीराज चहा पीत होता. तिनं वर पाहून लगेच मान खाली घातली नाही, यात तिची सगळी ताकद गेली.

आण्णा खुर्चीतून उठले. जवळ आले. इंजिनाकडं वाकून पाहिलं. बेगड काळं पडून पात्यांना चिकटलं होतं, मधे वार्निसचे फुगे.

"हे काय, बाई? ह्याला गोंधळाला बसवलं हुतं का?"

भट्टीवरचे गडी हसले. आण्णांनी बोट पुढं केलं नाही.

वाशीत शांतलिंग आप्पांनी इंजिन उघडलं. पिस्टनवर उभे ओरखडे होते, नखाला लागण्याइतके.

"पिस्टन धरला. सिलिंडर बी गेलं," ते म्हणाले. मग पात्यांकडं बघत राहिले. "कुणी केलं हे?"

"म्या."

आप्पांनी रागवावं म्हणून ती थांबली होती. त्यांनी फक्त इंजिन फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवसापासून वस्तीचं सगळं दूध योगीराज नेऊ लागला, तिचंही. चार क्यान, दोन खेपा. त्याच संध्याकाळी तो अंगणात आला.

"वहिनी, तुमच्या सायकलीचं मागचं चक्र हाय का? आप्पा म्हणाले ते बसवलं की माजं इंजिन चढंल. तसलं दुसरं न्हाय त्यांच्याकडं."

"भंगारात दिलं."

"कवा?"

"दिलं," शिवकन्या म्हणाली.

चक्र कडब्याच्या गंजीत, खालून तिसऱ्या थरात होतं. तिनं ते स्वतः खोलून, तेल लावून, पोत्यात बांधून ठेवलं होतं.

सकाळी शेण भरताना ती कान देऊ लागली. वाऱ्यावर घाटाचा आवाज वस्तीपर्यंत येई. पहिलं वळण. मग आवाज जड होई, अडखळे, थांबे. दुसरं वळण. ती हात न हलवता थांबे. किती वेळ जातो ते बघे. मग खूप वेळानं वर कुठंतरी पुन्हा सुरू झाल्याचा आवाज. तेवढ्या वेळात तिच्या पोटात काहीतरी गोड उतरत जाई, आणि मग त्याचीच शिसारी येई. उत्तरेश्वर तिच्याकडं बघे.

पाचव्या दिवशी उकाडा होता. दुसऱ्या खेपेचे दोन क्यान परत आले. दूध फाटलं होतं. त्यात तिच्या दोन म्हशींचं होतं, इतर पाच घरांचं होतं. आण्णांनी निरोप दिला होता: आणखी एकदा असं झालं तर वस्तीचं दूध बंद, पलीकडच्या गावातून टेम्पो लावतो.

हौदावर वर्षाराणी एकटीच ते क्यान घासत बसली होती. आंबट वास सुटला होता. शिवकन्या घागर घेऊन गेली. बोलायचं नाही असं ठरवून गेली. पण वर्षाराणीनं क्यान उलटा केला तेव्हा तिचे तळवे दिसले. बोटांच्या मुळाशी फोड, काही फुटलेले. आणि पाय. उजव्या अंगठ्याचं नख निम्मं उपटलेलं, बोटांच्या फटीत तांबडी माती.

शिवकन्येनं घागर खाली ठेवली.

चिखलातल्या खुणा तिला आठवल्या. बाजूला पावलं, मागेही पावलं. हँडल धरलेला माणूस त्याच वेळी मागून ढकलू शकत नाही. इतकी साधी गोष्ट. तिनं त्या खुणा नीट वाचल्या होत्या आणि निम्म्याच वाचल्या होत्या.

"तू ढकलतीस?"

वर्षाराणी घासत राहिली.

"कवापासून?"

"पयल्या दिसापासून. गवताला जाते म्हणून आधी निघायची. दुसऱ्या वळणाला थांबायची. खालून तुमचा आवाज आला की हे मोबाइल कानाला लावायचे अन् मी तरवडाच्या झुडपाआड बसायची. तुमी वर जाऊस्तवर."

"मला सांगायचं तरी."

"काय सांगायचं? सगळी वस्ती म्हणती, काय इंजिन हाय योगीराजचं. मी सांगू, इंजिन म्हंजी मी हाय म्हणून?" ती हसली, पण डोळे भरलेले होते. "तरवडाआडनं तुमच्याकडं बघायची मी. पदर खोचलेला, एकटी, बसून जायच्या. मला तुमचा इतका राग यायचा ताई, की वाटायचं, हिचं ते काळं फुटावं एकदा. पोळ्याला तुमी सोनं केलं त्याचं, तवा तर..." तिनं वाक्य सोडून दिलं. "मग खरंच फुटलं. मला वाटलं माजीच नजर लागली."

"तुजी न्हाय लागली," शिवकन्या म्हणाली.

ती तिथून उठली आणि गंजीशी गेली. तिसऱ्या थरातल्या कडब्याच्या पेंढ्या उपसल्या, पोतं ओढून काढलं. उत्तरेश्वर गोठ्याच्या दारात उभा होता. पोतं बघून तो म्हणाला, "भंगारवाला परत देऊन गेला व्हय?"

"गप बसा."

योगीराज ओट्यावर मोबाइल बघत होता. शिवकन्येनं चक्र त्याच्या पुढ्यात ठेवलं. लोखंडाचा आवाज झाला.

"भाऊजी, हे बसवते मी. पर पाळी लावायची. विहिरीच्या पाण्याची हाय तशी."

"म्हंजी एक दिस मी, एक दिस तुमी?"

"तुमी न्हाय. एक दिस मी, एक दिस वर्षाराणी."

योगीराज उभा राहिला. "हे बरं हाय! इंजिन माजं हाय, वहिनी."

"मग चढवा," शिवकन्या म्हणाली.

मथुराबाई लसूण सोलत होत्या, त्यांचे हात थांबले. योगीराजनं बायकोकडं पाहिलं. वर्षाराणी हौदावरून आली होती, ओले तळवे पालथे करून उभी. ते तिनं हळूच उलटे केले. लपवले नाहीत, दाखवलेही नाहीत. योगीराज पाना आणायला आत गेला.

पहिली पाळी शिवकन्येची. दुसऱ्या वळणावर लाल टाकीची गाडी जड झाली, आवाज दबला, पण थांबली नाही. मोठ्या चक्रानं चाक सावकाश, दातादातानं वर नेलं. फाट्यावर पावणेसात. आण्णा खुर्चीतून अर्धे उठले.

"आज बाई व्हय? आना, हितं लावा, पुढं."

शिवकन्येनं क्यान उतरवले आणि गाडी मागे लाकडाच्या ढिगापाशी नेली. दमेकरीच्या तेलाचा डाग तिथं अजून होता. त्याच्यावरच स्टँड लावला. झाकणात तिचा चेहरा दिसला, रुंद आणि वाकडा. इंजिन चांगलं होतं. अगदी चांगलं होतं. हे तिला मान्य करावं लागलं. कमरेची लिंबाची काडी काढून तिनं पहिली पाती साफ केली. तिथं काहीच नव्हतं. तरी तिनं काडी शेवटपर्यंत फिरवली.

दुसऱ्या दिवशी वर्षाराणीची पाळी. लहानपणी ती शाळेला सायकलवर जायची, तोल होता. शिवकन्येनं तिला मूठ कशी धरायची, क्लच कधी सोडायचा ते दोनदा सांगितलं, आणि ती गेल्यावर शेण भरायला बसली.

उजाडत होतं. पाटी भरून तिनं डोक्यावर घेतली तेव्हा पहिल्या वळणाचा आवाज आला. ती जागच्या जागी थांबली. दुसरं वळण. आवाज दबला, जड झाला. शेणाचं पाणी तिच्या कानामागून मानेवर उतरत होतं. आवाज थांबला नाही. वर गेला, तिसऱ्या वळणाला बारीक झाला, माथ्याच्या पलीकडं गेला.

"चढली का?" गोठ्यातून उत्तरेश्वरनं विचारलं.

"चढली."

"बरं झालं की."

शिवकन्या उकिरड्याकडं चालू लागली. मग थांबली.

"रेस लई देतीया," ती म्हणाली.